मागची रांग

विल्यांडीच्या दुकानातला कास्पर म्हणाला,
चौदा दिवस घरी ठेवा, नाही पटलं तर परत आणा.
मी चारही खोकी गाडीत मागे ठेवली
आणि त्यांना पट्टा लावला,
नातवंडांना लावतो तसा.

घर आमचं लाकडाचं, पोट तेवढं विटांचं:
मधोमध शेगडी, तिला पाठ टेकून चार खोल्या.
ऊब ती चौघींना सारखी वाटते,
वायफायला मात्र आडवी येते,
गोठ्याच्या दारात बसलेल्या गाईसारखी, ढिम्म.

पहिला स्पीकर उंच, राखाडी.
किंमत पुन्हा वाचली आणि मी खाली बसलो.
त्याचा खर्ज असा
की कपाटातल्या बशा एकमेकींना लागू लागल्या.
उर्वे म्हणाली, हा गात नाही,
वरच्या मजल्यावर कोणी पलंग सरकवतंय.
आम्हाला वरचा मजला नाही.

दुसरा बोलणारा.
त्याला आमची भाषा येत नव्हती.
उर्वेने छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं;
तिने त्याला एस्टोनियनमध्येच सांगितलं,
तीनदा, दर वेळी थोडं सावकाश,
खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला सांगावं तसं.
त्याने हवामान सांगितलं,
कुठल्यातरी भलत्याच गावाचं. तिथे ऊन होतं.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर त्याच्या डोक्यावर लोकरीचा हातमोजा.
"अगं, माइक बंद करायला बटण आहे त्याला."
"बटणही त्याचंच ना," ती अंधारातून म्हणाली.
तिची आई काही महत्त्वाचं बोलायचं असलं
की आधी नळ सोडायची.
भिंतीला कान असतात, हे तेव्हा
म्हण म्हणून कोणी सांगत नसे.

उरलेले दोघे जुळे, दुकानातले सगळ्यात स्वस्त.
एक स्वयंपाकघरात, फडताळावर, मिठाशेजारी,
दुसरा शेगडीपलीकडे, निजायच्या खोलीत.
मोबाइल म्हणाला, जोडणी झाली.
उर्वेने समूहगान लावलं
आणि राईच्या पावाला लोणी लावता लावता थांबली.
"पलीकडचा मागे पडतोय."

मला काही कळेना.
जन्म गेला बसगाड्या दुरुस्त करण्यात;
पिस्टन चुकला तर झोपेतही कळतो,
गळ्यांचा मला अंदाज नाही.
तरी राउटर हलवला. आधी खिडकीत,
मग बुटांच्या मांडणीवर,
मग शेगडीच्या माथ्यावर, मांजर उठवून.
मांजर रुसलं.
अर्ध्या श्वासाचा फरक तरी उरलाच.

कास्परला फोन केला.
त्याने त्या उंच राखाडीचंच नाव घेतलं:
चार घ्या, काका, चारही खोल्यांत एकच क्षण,
केसाइतकंही अंतर नाही.
मी चष्मा आणि पाकीट शोधू लागलो.

उर्वे दोन खोल्यांच्या मधे उभी,
उंबरठ्यावर, सुरी हातात, लोणी ओघळतंय.
"तालिनला, गाण्याच्या मैदानावर," ती म्हणाली,
"मी नऊ वर्षांची, अगदी पुढे,
आई सगळ्यात मागच्या रांगेत.
मधे हजारो माणसं, सगळ्यांचे सारखेच सदरे,
वळून बघायची बंदी.
हात खाली आला की आमचा शब्द संपायचा
आणि मागून त्या शब्दाचं शेपूट यायचं, जरासं उशिरा.
मी ते ऐकायचे.
तेवढ्या अंतरावर आई असायची."

मी पाकीट शोधायचं थांबवलं.
ते तसंही कोटात होतं.

शनिवारी राखाडी आणि बोलका परत गेले.
सोमवारी कास्परचा फोन: काका,
खोक्यात एक हातमोजा आलाय, डाव्या हाताचा.
उर्वे म्हणाली, राहू दे त्याच्याकडेच,
पुढच्या गिऱ्हाइकाला लागेल.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसते, पुढे.
मी पलीकडे, पलंगाच्या कडेला, मोजे काढत.
मला गाता येत नाही.
ओठ तेवढे हलवतो,
जरासे उशिरा.